सील दोनदा बदललं, तरी तेल गळतंच: जुन्या १६१३ चं काय करावं?

नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २००९ ची टाटा १६१३, सहा सिलिंडरचं ६९७ इंजिन, दारूखान्यातून लोखंड भरून चाकणला जाते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली तेल ठिबकतं. आठ महिन्यांत क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा दोन महिन्यांच्या आत गळती परत आली. दर ८०० किलोमीटरला लिटरभर तेल वरून टाकावं लागतं. क्लच मात्र ठीक आहे, घसरत नाही. आता मिस्त्री म्हणतो की इंजिन उतरवून पूर्ण काम करा. तुम्ही विचारताय, जुन्या गाडीवर एवढा खर्च करावा, की अजून एकदा, या वेळी भारीतलं सील टाकून बघावं?

माझ्या मते आज यातलं काहीच करू नका. तेल नेमकं कुठून येतंय हे अजून कुणी शोधलेलंच नाही. गिअरबॉक्स दोनदा उतरला, पण त्याआधी इंजिन एकदाही स्वच्छ धुतलं गेलं नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. मळक्या इंजिनवर गळती शोधणं म्हणजे पावसात उभं राहून टाकी कुठे फुटलीय ते बघण्यासारखं आहे.

मी वडाळ्याला ट्रकांची कामं करतो, तीस वर्षं होऊन गेली. त्यातली बरीच वर्षं याच कुळातल्या इंजिनांवर गेली. ६९७ या आकड्यातला पहिला ६ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ म्हणजे ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, १२८ मिलिमीटर, एकूण ५,६७५ सीसी. टाटांनी १९५४ साली डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बनवायला घेतले, त्या जर्मन इंजिनांच्या वंशातलं हे इंजिन. मजबूत आहे, नीट राखलं तर खूप चालतं. तेव्हा गाडी जुनी झाली म्हणून गळणारच, हे कुणी सांगितलं तर लगेच मान्य करू नका.

आधी तेलाचा हिशेब करू. तेलाच्या वीस-पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. म्हणजे एक लिटर संपायला वीस हजारांच्या वर थेंब पडायला हवेत. आता रात्री गाडी लावताना इंजिनखाली मोठा पुठ्ठा टाका आणि सकाळी बघा. तीस-चाळीस थेंबांचे डाग दिसले तर ते झाले दोन मिलिलिटर. मग उरलेलं तेल गेलं कुठे? एक तर ते गाडी चालू असतानाच, दाबाखाली बाहेर पडतंय. किंवा ते बाहेर पडतच नाही, इंजिन ते जाळतंय. किंवा हवेच्या कॉम्प्रेसरमधून ब्रेकच्या टाक्यांत जातंय. बरेच जण पुठ्ठ्यावरचा डाग आणि संपलेलं लिटर एकाच खात्यात लिहितात आणि मग सील बदलूनही तेल का संपतंय म्हणून डोकं धरतात. तुमच्याकडे कदाचित दोन वेगवेगळ्या तक्रारी एकत्र आल्या असतील.

तेल जळतंय का, हे बघायला काही खोलावं लागत नाही. खंडाळ्याचा घाट उतरून आल्यावर, म्हणजे बराच वेळ अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरल्यावर, पुन्हा पाय दिला की निळसर धुराचा लोट येतो का? येत असेल तर व्हॉल्व्हच्या गाइडकडे बघावं लागेल. चढावर भरलेल्या गाडीला सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचं लाइनर यांच्यावर संशय. सकाळी हवेच्या टाक्यांचे कॉक उघडा. थोडं पाणी आणि किंचित तेलकटपणा चालतो, पण काळं रबरबीत पाणी भसाभसा आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. टर्बोनंतरचा (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारं यंत्र) हवेचा पाइप सोडून आत बोट फिरवा. ओलसर थर दिसला तर घाबरू नका, पण तेल साचलेलं असेल तर टर्बोचं तेल बघावं लागेल. तिथे टर्बो बदलण्याआधी त्याचा परतीचा पाइप तपासा. तो चोंदला किंवा चेपला की तेल खाली उतरू शकत नाही आणि टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं. चांगला टर्बो विनाकारण बदललेल्या गाड्या मी पाहिल्यात.

आणि हो, तेल मापायच्या पट्टीवरचं तेल रोज एकाच माणसाने, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी बघायचं. क्लीनर एकदा घाईत बघतो, ड्रायव्हर एकदा उतारावर बघतो, आणि दोघे मिळून खुणेच्या वर तेल भरून ठेवतात. खुणेच्या वर तेल गेलं की क्रँक ते घुसळते, फेस होतो आणि जिथून वाट मिळेल तिथून तेल निघतं. उलट तेल न टाकताही पट्टीवरची पातळी वाढत असेल, तेल पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर तेलात डिझेल मिसळतंय. ती गाडी त्या दिवशी रस्त्यावर काढू नका.

आता धुण्याचं काम. माझ्या हिशेबी या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत मोलाचं आहे आणि सर्वांत स्वस्त. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. अल्टरनेटर, स्टार्टर आणि हवेचं तोंड प्लास्टिकने बांधा. डिझेल आणि ब्रशने थर सोडवा. कोपऱ्यांतला, बोल्टच्या मुळाशी बसलेला काळा थर पत्रीने खरवडा. मग साबणाच्या पाण्याने धुवा आणि हवा मारून कोरडं करा. बेल हाउसिंगचा (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या, क्लच झाकणाऱ्या घराचा) वरचा भाग, हेडची मागची भिंत आणि ब्लॉकचा डिझेल पंपाकडचा भाग या तीन जागा हमखास राहून जातात, कारण तिथे हात पोचत नाही. तिथेच पोचायला हवं. केबिन पुढे झुकत नसेल तर आतून इंजिनचं कव्हर काढून बसा.

कोरडं झाल्यावर संशयाच्या जागांवर पायाला लावतात ती पांढरी पावडर फुंकरीने मारा. पंख्याच्या पट्ट्यांवर आणि हवेच्या तोंडाजवळ नको. आता इंजिन पाच मिनिटं आयडलवर चालवा आणि बघा. मग वीस-एक किलोमीटर फिरवून आणा आणि बघा. शेवटी माल भरून एक फेरी करा आणि परत बघा. दर वेळी टॉर्च मारून त्याच कोनातून फोटो काढा. हा तिसरा टप्पा कुणी करत नाही. आयडलला जे इंजिन खडखडीत कोरडं दिसतं, तेच सोळा टन घेऊन बोरघाट चढताना दुसरं इंजिन असतं. आतला दाब वाढलेला, तेल तापून पातळ झालेलं. गॅरेजात उभ्या गाडीवर गळती दिसली नाही म्हणून सील चांगलं, असं ठरवणं चूक आहे.

बघायचं कसं, तर सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची. तेल खाली ओघळतं, आणि चालत्या गाडीत पंख्याचा वारा ते मागे ढकलतो. म्हणून इंजिनवरच्या सगळ्या ओघळांचा शेवट एकाच ठिकाणी होतो: बेल हाउसिंगच्या तळाशी. म्हणजे तुम्ही जिथे ठिबक बघताय तिथेच. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग मागच्या कोपऱ्यात सुटलं तरी तेल हेडच्या मागच्या भिंतीवरून उतरून तिथेच पोचतं. ऑईल प्रेशरचा स्विच पाझरला तरी तिथेच. पुढचं क्रँक सील गेलं तर पुली ते तेल उडवते, वारा चेंबरच्या (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या) कडेने मागे नेतो आणि शेवटी थेंब पुन्हा तिथेच लोंबतो. खालून बघणाऱ्याला सगळं मागचं सीलच वाटतं.

मी हे शिकलो ते एका गाडीचं नुकसान करून. उस्तादांकडून वेगळा झालो, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एक दहा टायरची गाडी आली होती, तक्रार तुमच्यासारखीच. मी गिअरबॉक्स उतरवला, सील टाकलं, गाडी दिली. तीन आठवड्यांनी परत. पुन्हा उतरवला, पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा मालक काही न बोलता गाडी लावून निघून गेला, आणि त्याचं ते न बोलणं मला फार लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी इंजिन धुतलं आणि वर चढून बसलो. तेल ब्लॉकच्या मागच्या बाजूच्या प्रेशर स्विचमधून येत होतं. त्याचं प्लास्टिक आणि धातू यांच्यामधून, इंजिन तापलं की केसासारखी एक धार निघायची आणि ब्लॉकला चिकटून खाली जायची. गार इंजिनवर काहीच दिसायचं नाही. स्विच बदलायला दहा मिनिटं लागली. त्याआधीची दोन्ही मजुरी मी परत केली.

तुमच्या प्रश्नातही एक खूण आहे, ती तुम्ही सहज लिहून गेलात: क्लच ठीक आहे. मागच्या सीलमधून एवढं तेल आत पडत असतं तर बहुतेक वेळा क्लचने तक्रार केली असती. नेहमीच करते असं नाही, कारण फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक) इंजिनच्या बाजूने येणारं तेल बाहेर फेकतं आणि प्लेट बराच काळ वाचू शकते. पण संशय घ्यायला ही खूण पुरेशी आहे. याची खातरजमा गिअरबॉक्स न उतरवता होते. बेल हाउसिंगची खालची झाकणपट्टी काढा आणि टॉर्च मारा. आतली भिंत कोरडी, धुळीने भरलेली, आणि बाहेरची भिंत ओली असेल, तर तेल बाहेरून, वरून येतंय. सील निर्दोष आहे. आत फ्लायव्हीलच्या इंजिनकडच्या बाजूला तेलाचे गोल फटकारे दिसले तर गळती खरंच तिथली आहे. आणि क्लचच्या बाजूला ओल असेल तर ते गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून आलेलं गिअर ऑईल असू शकतं. ते ओळखायला नाक पुरतं. गिअर ऑईलला गंधकाचा उग्र वास असतो, आणि ते डिझेल इंजिनच्या तेलासारखं शाईसारखं काळं नसतं. पांढऱ्या कागदावर एक-एक थेंब घेऊन शेजारी ठेवा, लगेच कळेल.

समजा तेल खरंच आतून येतंय. मग चांगलं सील दोनदा का गेलं? इथे मी सगळ्यात आधी ब्रीदर बघतो, सील नंतर.

प्रत्येक इंजिनमध्ये थोडा तरी वायू रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरतो. आपण त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. त्याला बाहेर जायला ब्रीदर दिलेला असतो. तो मोकळा असेल तर आतला दाब वाढत नाही. तो बंद झाला तर दाब कुठून तरी वाट काढणारच, आणि सीलची लिप, म्हणजे क्रँकवर घासणारी त्याची कड, ही सगळ्यांत नाजूक वाट. अशा वेळी तुम्ही सोन्याचं सील टाकलं तरी ते गळेल. माझ्याकडे एक गाडी आली होती, जिचं पुढचं सील, मागचं सील, टॅपेट कव्हर, चेंबर, सगळं एकाच महिन्यात गळायला लागलं होतं. मालक हवालदिल. खाली झोपून बघितलं तर ब्रीदरच्या पाइपच्या तोंडात चिंधीचा बोळा. पाइपातून तेलाचे थेंब पडून खालचा भाग खराब होतो, म्हणून कुणीतरी प्रामाणिकपणे तो कोंबला होता. बोळा काढला, पाइप आणि जाळी रॉकेलमध्ये धुतली, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, आणि बाकीच्या गळती आपोआप थांबल्या. तुमच्या ब्रीदरची जाळी काजळीने बसलीय का, पाइप कुठे चेपलाय का, तोंडाशी चिखल सुकलाय का, ते आधी बघा. पावसाळ्यात डॉकच्या रस्त्यांचा चिखल तिथे हमखास थापला जातो.

ब्रीदर मोकळा असूनही दाब आहे का, हे बघायची घरगुती रीत म्हणजे इंजिन गरम करून, आयडलवर ठेवून, तेल भरायचं झाकण उलटं करून त्याच तोंडावर नुसतं ठेवायचं. थोडं थरथरलं तर चालतं. उडून पडलं किंवा तोंडातून धुराचा जोरदार फवारा आला तर दाब जास्त आहे. हा अंदाज झाला, माप नव्हे. मापायचं तर पारदर्शक नळी यू आकारात लाकडी फळीवर बांधून अर्धी पाण्याने भरा. एक टोक पट्टीच्या भोकात घट्ट बसवा, दुसरं मोकळं ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे आतला दाब. किती फरक चालतो ते इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, प्रत्येक इंजिनचं माप वेगळं असतं.

दाब जास्त निघाला तरी लगेच रिंगांवर शिक्का मारू नका. हवेचा कॉम्प्रेसरही इंजिनच्याच तेलावर चालतो. त्याच्या रिंगा झिजल्या की तो दाबलेली हवा चेंबरमध्ये सोडतो. गाडी जागेवर, चाकांना अडसर लावून, टाक्यांतली हवा पूर्ण काढून, कॉम्प्रेसरचा बाहेर जाणारा पाइप सोडा आणि इंजिन चालवा. ब्रीदरचा जोर लगेच कमी झाला तर दोष कॉम्प्रेसरचा. कॉम्प्रेसरचं काम पूर्ण इंजिनच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त. या एका तपासणीने माझ्याकडच्या काही मालकांचं इंजिन खोलायचं वाचलंय, म्हणून इतकं खोलात सांगतोय. पाइप सुटलेला असताना गाडी जागेवरून हलवायची नाही, ब्रेकला हवा मिळणार नाही.

दाबही ठीक, आणि तेल खरंच मागच्या सीलमधूनच, असं पक्कं झालं तर मग गिअरबॉक्स उतरवा. पण या वेळी फक्त सील बदलून वर चढवायचं नाही. सील जिथे क्रँकवर घासतं तिथे नख आडवं फिरवा. नख अडकलं तर खोबण पडलीय. नवं सील त्याच खोबणीवर बसवलं तर दोन महिन्यांत गळणार, तुमच्याकडे झालं तसंच. उपाय दोन. जागा असेल तर सील दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे बसवून लिप कोऱ्या जागेवर आणायची, किंवा क्रँकवर धातूची पातळ स्लीव्ह, म्हणजे बाही, चढवायची. स्लीव्ह आणि सील नागदेवी स्ट्रीटवर माप देऊन मिळतात. पण माप व्हर्नियरने घेऊन जा, जुनं सील हातात धरून नको, ते फुगलेलं असतं.

त्यानंतर क्रँकची ढिलाई. डायल गेज लावून क्रँक पुढे-मागे किती सरकते आणि वर-खाली किती हलते ते बघा. मेन बेअरिंग झिजलेले असतील तर क्रँक फिरताना डोलते, आणि डोलणाऱ्या शाफ्टवर कोणतंच सील टिकत नाही. फ्लायव्हील काढलंच आहे तर ब्लॉकच्या मागच्या भिंतीवरचे प्लगही बघून घ्या. त्यातला एखादा पाझरत असेल तर तो अगदी सीलसारखाच गळतो, आणि गिअरबॉक्स वर गेल्यावर पुन्हा दिसत नाही. बसवताना लिपवर ओरखडा नको, सील वाकडं नको, हातोडीने ठोकून तर अजिबात नको. रबरी लिपला तेल लावून बसवतात, पांढऱ्या टेफ्लॉन लिपची बहुतेक सील कोरडीच बसवायची असतात. पाकिटावरची सूचना वाचा. ‘भारीतलं’ सील चुकीच्या रीतीने बसवलं तर स्वस्त सीलइतकंच लवकर जातं.

बाकीच्या जागा थोडक्यात. फिल्टर बदलताना जुनी रिंग जागेवर चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर आज ना उद्या तेल धो-धो जाणार. टर्बोच्या तेलाच्या पाइपचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे घ्या, नाहीतर लालबुंद तापवून पाण्यात टाका, मऊ होतात. ड्रेन बोल्टचे आटे गेले असतील तर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नका, टर्नरकडून आटे नवे करून घ्या.

चेंबर आणि टॅपेट कव्हरबद्दल मात्र जरा थांबतो, कारण तिथे सगळ्यांत जास्त बिघाड हाताने केला जातो. गळती दिसली की बोल्ट आवळायचा, अजून गळाली की अजून आवळायचा. पत्र्याच्या कडेला बोल्टभोवती खळगा पडतो, दोन बोल्टांच्या मध्ये पत्रा वर उचलला जातो, आणि तिथूनच तेल निघतं. चेंबर काढून ती कड सपाट ऐरणीवर ठेवून हलक्या हातोडीने सरळ करा, पट्टी लावून तपासा, मग कॉर्कचं नवं पॅकिंग. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत, कमी जोराने. कॉर्क जेमतेम दबला पाहिजे, पिचून बाहेर आला की संपला.

आणि सिलिकॉन. पॅकिंगवर बोटभर जाड सिलिकॉन लावायची सवय आपल्याकडे फार आहे. बाहेर जो जादा थर दिसतो तेवढाच आतही निघालेला असतो. गरम तेलात तो सुटतो, दोऱ्यांसारखा तरंगतो आणि चेंबरमधल्या पंपाच्या जाळीला जाऊन चिकटतो. एका गाडीत असं झालेलं मी स्वतःच्या हाताने बाहेर काढलंय. तिच्या चेंबरचं काम दुसऱ्या गॅरेजात झालेलं होतं, गळती पूर्ण बंद होती, मालक खूष होता. दीड महिन्यात कसाऱ्याच्या घाटात तेलाचा दाब पडला आणि मेन बेअरिंग क्रँकला चिकटले. जाळीवर निळ्या सिलिकॉनचं जाळं बसलं होतं. थेंब थेंब गळणारं इंजिन वर्षभर चाललं असतं. तेव्हा सिलिकॉन लागलंच तर कोरड्या, तेलकटपणा पूर्ण पुसलेल्या जागेवर बारीक रेघ, आणि ते सुकायला दिलेला वेळ. तुमच्या गाडीचं चेंबर गेल्या वर्षात कुणी सिलिकॉनवर बसवलं असेल, तर पुढच्या तेल बदलीला चेंबर उतरवून जाळी बघाच.

जाड तेल टाका किंवा गळती थांबवणारं औषध टाका, असा सल्ला तुम्हाला मिळेलच. औषध रबर फुगवतं, त्यामुळे कडक झालेल्या सीलचा बारीक पाझर काही काळ कमी होऊ शकतो. खोबण, दाब किंवा सुटलेलं पॅकिंग यावर त्याचा काही उपयोग नाही. तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ठेवा. शोध लागत नसेल तर तेलात टाकायचा चमकणारा रंग मिळतो, इंजिन ऑईलसाठीचा मागा, एसीचा नको. नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली त्याची वाट हिरवी-पिवळी दिसते. पण तो तेल बदलल्याबरोबर टाका. डिझेलचं काळं झालेलं तेल तो रंग झाकून टाकतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, इंजिन उतरवायचं का? ते परिस्थितीवर आहे. तेल जळत असेल, चढावर निळा धूर असेल, कॉम्प्रेसर वगळूनही दाब जास्त असेल आणि सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलेलं असेल, तर तुमचा मिस्त्री बरोबर आहे. तेव्हा सील बदलत राहणं म्हणजे पैसा आणि दिवस दोन्ही जाणार. क्रँक डोलत असेल तरी तेच. पण इंजिन ओढायला चांगलं आहे, तेलाचा दाब गरम असताना टिकतोय, धूर नाही, तर नुसत्या गळतीसाठी लाखाच्या घरातलं काम करू नका. आणि गाडी अजून किती वर्षं चालवायचीय हे तुम्हालाच ठरवायचंय. आरटीओच्या फिटनेस तपासणीला गळती दिसली तर गाडी अडू शकते, तेव्हा तारीख जवळ असेल तर हे सगळं त्याआधी उरका.

एका बाबतीत मात्र थांबू नका. वरून येणारं तेल मॅनिफोल्डवर किंवा टर्बोच्या गरम बाजूवर पडत असेल, केबिनमध्ये जळक्या तेलाचा वास येत असेल, तर आजच गाडी उभी करा. तिथे आग लागू शकते, आणि घाटात, भरलेल्या गाडीत, ड्रायव्हरला उतरायला वेळ मिळत नाही.

म्हणजे येत्या रविवारी एवढंच करा: पुठ्ठ्याचा हिशेब, पट्टी, हवेच्या टाक्यांचे कॉक, ब्रीदर साफ, इंजिन धुणं, बेल हाउसिंगची खालची पट्टी काढून आत-बाहेर बघणं. मग सोमवारी भरलेली फेरी आणि परत आल्या आल्या टॉर्च. यात डिझेल, साबण आणि एक दिवसाची मेहनत सोडून खर्च नाही. माझा अंदाज टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा किंवा ब्रीदर असा आहे, पण अंदाजावर पाना लावू नका, फोटोत वरची ओली जागा दिसली की मगच लावा.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलावं लागलं तर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर इंजिन गार असताना त्याचे बोल्ट हलक्या हाताने एकदा तपासून घ्या, आणि तेव्हाच खाली वाकून ब्रीदरच्या पाइपचं तोंड कुणी पुन्हा बंद तर केलं नाही ना, तेही बघा.